प्राचार्य बॅरिस्टर आंबेडकर

सातारच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. पण अस्पृश्यतेमुळे पक्षकार क्वचितच येत. तरीही १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांना त्यांनी अपिलात सोडविले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांचा खटला लढविला. त्यात मात्र अपयश आले. १ जून १९३५ रोजी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच पदावर असताना, ऑक्टोबरमध्ये, येवल्यात त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. १९३८ मध्ये पद सोडले. १९४७ मध्ये ते संविधान मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा न्यायालय व वर्ग या दोहोंचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.