गोदावरीच्या जलमार्गाचे पुरस्कर्ते सर आर्थर कॉटन

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीस मिळते. पावसाळ्यात तेथील काठावर उभे राहिले असता पैलतीर अंधुक दिसते. नावा दिसतात त्या उतारूंस पलीकडे पोचविणाऱ्या. दूर देशीचा माल घेऊन प्रवाहाबरोबर जाणारी एकही दृष्टीस पडत नाही. एवढे पाणी असता हे असे का, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरास पडला, आणि त्याने आपले पुष्कळसे आयुष्य त्याच्या उत्तरासाठी वेचले. हेच सर आर्थर कॉटन होत. आंध्र प्रांतात त्यांचे नाव आबालवृद्धांच्या तोंडी आहे. चंद्रपूर व गडचिरोली या आमच्या अरण्यप्रदेशाचाही त्यांनी तितकाच विचार केला होता, हे मात्र थोड्यांस ठाऊक असल्यामुळे त्यांच्या चरित्राचा तेवढा भाग आम्ही विस्ताराने सांगणार आहो.

आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी झाला. इ. स. १८२१ मध्ये, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी, ते मद्रासेस येऊन दाखल झाले. कावेरीच्या कोल्लिडम फाट्यावर त्यांनी १८३६ साली बंधारे घालून तंजावरची शेती वाचविली. प्रकृती वारंवार बिघडे. आराम पडावा म्हणून त्यांस ऑस्ट्रेलियापर्यंत जावे लागले. पण परत आल्यावर त्यांनी गोदावरीच्या मुखाजवळील दुष्काळाने उजाड झालेला मुलूख पाहिला आणि दवलेश्वर येथे नदीवर दोन मैलांहून अधिक लांबीचा बंधारा बांधण्याची योजना सरकारापुढे मांडली. हे काम १८४७ पासून १८५२ पर्यंत चालले. तेथून निघालेल्या कालव्यांनी भाताची शेते तर भिजलीच, पण त्याच कालव्यांतून धान्याने भरलेल्या नावाही जाऊ लागल्या. एकाच पाण्याने पीकही काढावे व ते बाजारासही न्यावे, ही कॉटनसाहेबांची मुख्य कल्पना होती.

पुढे आगगाडीचे कट्टे विरोधक म्हणून ते प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, हिंदुस्थानातील अगदी पहिल्या लोहमार्गांपैकी एक, मद्रासेजवळील रेडहिल्सचा, त्यांच्याच खटपटीने १८३७ च्या सुमारास झाला होता. रस्त्यांसाठी खडी वाहून आणण्याचे काम त्यावर चाले. तेव्हा रुळांचा गुण त्यांस कळत नव्हता असे नाही. त्यांचा आक्षेप पैशासंबंधी होता. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने दरसाल शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती. कंपनीस तोटा आला तरी भागीदाराचे व्याज चुकत नसे, आणि ती तूट रयतेच्या करातून भरून निघे. कापूस, मीठ, धान्य हा जड व स्वस्त माल. तो घाईने नेण्यापेक्षा थोड्या खर्चात नेणे महत्त्वाचे, व पाण्याइतका स्वस्त वाहक दुसरा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आता आमच्या मुलखाकडे वळू. त्या काळी वऱ्हाड, नागपूर व हिंगणघाटचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून उत्तरेस मिर्झापूरपर्यंत किंवा पश्चिमेस मुंबईकडे जाई. वाटेत महिनेच्या महिने मोडत. समुद्रावरील मीठही असेच पाठीवरून येई आणि खेड्यात पोचेतो महाग होई. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांनी हा माल थेट दवलेश्वरास व तेथून कालव्याने काकिनाडा बंदरास न्यावा, अशी ही योजना होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: गोदावरीवर दुम्मागुडेम येथे पहिला, सिरोंच्याखाली एंचमपल्ली येथे दुसरा, आणि प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरी येथे तिसरा. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून, बाजूने कालवा काढून व त्यास दरवाजे बसवून नाव वर चढवावयाची होती.

पूर्वतयारी साधी नव्हती. डावा काठ निजामाच्या ताब्यात असल्याने १८६० साली त्यांच्याशी तह होऊन तो इंग्रज सरकारकडे आला, आणि नदीवरील मालावर जकात घ्यावयाची नाही असेही ठरले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस बंद होताच मँचेस्टरचे गिरणीवाले हिंदुस्थानकडे डोळे लावून बसले, व गोदावरीचा मार्ग त्वरेने उघडावा म्हणून विलायतेत गलका झाला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हेही योजनेस अनुकूल होते. कॉटनसाहेब स्वतः १८६० सालीच निवृत्त होऊन स्वदेशी गेले होते. प्रत्यक्ष काम त्यांचे सहकारी हेग यांच्या देखरेखीखाली चालले.

दाट जंगल, मजुरांची टंचाई आणि हिवतापाचा सुकाळ. दुम्मागुडेमचे काम बरेच पुढे गेले. वरच्या दोन ठिकाणी ते अपुरेच राहिले. पैसा वर्षावर्षाच्या मंजुरीने येई. येथे साधी गोष्ट ध्यानात घ्यावी: एका वाटेवर तीन दारे बंद असता त्यांपैकी एक उघडल्याने प्रवासी तिसरा हिस्सा वाट चालू शकत नाही. हिंगणघाटच्या व्यापाऱ्यास दुम्मागुडेमच्या उत्तम दरवाजांचा काडीचाही उपयोग नव्हता. शिवाय वर्षातील अर्धेअधिक दिवस नदीत नावेपुरते पाणीच नसे. वरच्या अंगास तलाव बांधून उन्हाळ्यात पाणी सोडावे, हा त्यावरील उपाय. परंतु त्यास आणखी पैसा हवा होता. इकडे १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. सुमारे सात लक्ष पौंड खर्च झाल्यावर १८७१ साली सरकारने सर्व काम सोडून दिले. तीन वर्षांनी तो जिल्हाही मोडला व सिरोंचा तहसील चांद्यास जोडली गेली.

दोष कोणाचा? कॉटनसाहेबांनी नदीस तिच्या सामर्थ्यापेक्षा अधिक मानले, असे आम्हांस वाटते. दवलेश्वरच्या सपाट भूमीवर जे साधले तेच प्रपातांच्या प्रदेशात साधेल, हा त्यांचा भरवसा फाजील होता. त्यांच्याच कल्पनेतून निघालेला कर्नूल-कडप्पा कालवा रेल्वेप्रमाणे हमीवर काढला गेला, तोही तोट्यात जाऊन १८८२ साली सरकारास विकत घ्यावा लागला. पण त्यांच्या प्रतिपक्षाचेही सगळे बरोबर नव्हते. आगगाडी आली ती कापूस व कोळसा जेथे होता तेथे, म्हणजे हिंगणघाट-वरोऱ्याकडे. १९२९ साली बल्लारपूरहून काझीपेठेचा मार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास जोडली गेली. वैनगंगेच्या पूर्वेकडील अरण्यास मात्र नदीही मिळाली नाही आणि रूळही नाहीत. वडसा स्टेशनाचा काय तो अपवाद. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरांचा लोहमार्ग मंजूर होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि त्याचाही खर्च राज्य व केंद्र सरकारांनी निम्मा निम्मा सोसण्याचे ठरले तेव्हा तो पुढे सरकला.

कॉटनसाहेबांनी हट्ट सोडला नाही. १८७८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची कसून तपासणी झाली, तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या या वृद्धाने देशभर नद्या जोडण्याचीच बाजू मांडली. २४ जुलै १८९९ रोजी डॉर्किंग येथे ते निवर्तले. दवलेश्वरच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी पुढे नवा बांधला गेला, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. आणि २०१६ साली भारताच्या संसदेने १११ राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला, त्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचाही समावेश आहे.