जोसेफ स्वॉन

विजेच्या दिव्याचे नाव निघाले की एडिसनचे स्मरण होते. परंतु इंग्लंडमधील एक औषधविक्रेता त्याच्याही आधीपासून याच ध्यासाने झपाटलेला होता.

जोसेफ स्वॉनचा जन्म १८२८ साली संडरलंड या बंदरात झाला. कोवळ्या वयातच तो औषधांच्या दुकानात उमेदवारी करू लागला व पुढे न्यूकॅसल येथे स्थायिक झाला. तेथील रसायनांच्या बाटल्या हेच त्याचे महाविद्यालय!

त्या काळी कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये प्रखर ज्योत निर्माण करणारा विजेचा दिवा ठाऊक होता. पण घरात त्याचे तेज डोळ्यांना सोसवत नसे. स्वॉनने निराळा विचार केला. लोहाराच्या भट्टीतील लोखंड तापत जाते तसे प्रथम लाल, मग पिवळे व अखेर पांढरेशुभ्र दिसते. बारीक तंतूतून विजेचा प्रवाह नेला, तर तोही असाच तापून प्रकाश देईल. धातू वितळण्याचे भय. म्हणून त्याने कागदाच्या पट्ट्या भाजून त्यांचा कोळसा केला. १८६० च्या सुमारास अशी एक पट्टी काचेच्या हंडीत ठेवून त्याने आतील हवा उपसली व प्रवाह सोडला. पट्टी लालबुंद झाली आणि थोड्याच वेळात तुटली. हंडीत उरलेल्या हवेने घात केला होता. हवा पुरती काढील असा पंपच त्या वेळी नव्हता. स्वॉनने नाइलाजाने तो प्रयोग बाजूस ठेवला.

मध्यंतरी छायाचित्रणाच्या काचा व कागद सुधारून त्याने नाव मिळविले. १८६५ साली श्प्रेंगेल या रसायनज्ञाने पाऱ्याचा पंप तयार केला. त्यात नळीतून पडणारे पाऱ्याचे थेंब हवेचे बुडबुडे ओढून नेत. पुढे चार्ल्स स्टर्न या सहकाऱ्याच्या मदतीने स्वॉनने या पंपाचा उपयोग केला; तरीही दिव्याची काच काळी पडे. कोळशाच्या तंतूतही हवा दडलेली असते, हे अखेर त्याच्या ध्यानात आले. तंतू तापता ठेवून उपसा केला, तेव्हा तीही निघून गेली.

डिसेंबर १८७८ मध्ये न्यूकॅसलच्या एका सभेत त्याचा दिवा काही मिनिटांतच विझला. केवढी ती निराशा! तरीही फेब्रुवारी १८७९ मध्ये त्याच नगरीत शेकडो श्रोत्यांपुढे तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी दिवा पेटून राहिला.

१८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात त्याचे सुमारे बाराशे दिवे लागले. आगीच्या भयाने लोक शंकित होते. तेव्हा नाट्यगृहाच्या चालकाने रंगमंचावर येऊन पेटता दिवा मलमलीत गुंडाळला व हातोडीने फोडला. हवा आत शिरताच तंतू विझला. मलमलीला डागही पडला नाही.

१८८३ साली स्वॉन व एडिसन यांनी इंग्लंडमध्ये एकत्र व्यवसाय सुरू केला. १९०४ साली स्वॉनला सर ही पदवी मिळाली. १९१४ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.