कोळशापासून विषाणूपर्यंत : रोझालिंड फ्रँकलिन

माझे वडील राजुऱ्याकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. त्यांच्या नखांतला काळेपणा सणावारीही जात नाही. म्हणून रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीने डॉक्टरेट कोळशावर मिळवली, हे वाक्य मी दोनदा वाचले.

त्यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण केंब्रिजला, पण मुलींना पूर्ण पदवी देण्यास ते विद्यापीठ १९४८ पर्यंत तयार नव्हते. (आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एवढ्या जुन्या विद्यापीठाची ही गत वाचून मला जरा धीरच आला!) महायुद्धाच्या काळात त्यांनी कोळशातील सूक्ष्म छिद्रे मोजली. पुढे पॅरिसला क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना पाहण्याची विद्या त्या शिकल्या.

त्यानंतरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजात मे १९५२ मध्ये त्यांनी व रेमंड गॉसलिंग यांनी मिळवलेले डीएनएचे छायाचित्र त्यांच्या माघारी वॉटसन यांना दाखवले गेले, आणि एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांची रचना प्रसिद्ध झाली. १९६२ चे नोबेल त्या दोघांना व विल्किन्स यांना मिळाले. तेव्हा बाई हयात नव्हत्या. या अन्यायावर खूप लिहिले गेले आहे. माझी तक्रार निराळी आहे. त्या एका छायाचित्रापायी बाईंचे पुढचे काम झाकले गेले.

बर्कबेक कॉलेजात त्यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू अभ्यासला. तो म्हणजे प्रथिनांची पोकळ कांडी. त्याचा आरएनए पोकळीत सैल पडलेला नसून प्रथिनांच्या भिंतीतच गुंडाळलेला असतो, हे त्यांनी दाखवले. विषाणूचा सारा मजकूर त्या धाग्यावर असतो. तो वाचण्याची विद्या तेव्हा जन्मली नव्हती. याच विषाणूची सुमारे ६,४०० अक्षरे १९८२ मध्ये वाचून झाली.

करोनाची अक्षरे सुमारे ३०,०००. विषाणू वाढताना स्वतःची नक्कल करतो आणि नकलेत चुका राहतात. आपल्या वर्गात एकाने सन चुकीचा लिहिला, की तोच सन पुढच्या सात वह्यांत उतरतो आणि सर कोणी कोणाची वही उतरवली ते ओळखतात! शास्त्रज्ञही अशाच चुकांवरून विषाणूची वंशावळ लावतात. २०२१ च्या आरंभी महाराष्ट्रातील नमुन्यांत, विषाणूच्या काट्यावर ४५२ व ६८१ या जागी तेच बदल पुन्हा पुन्हा आढळले. त्या घराण्यातील एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. त्याच मे महिन्यात गडचांदूरला माझी आजी गेली. तिचा नमुना कोणी वाचला नाही. तिला स्वतःला तर अक्षरओळखही नव्हती.

बाईंना १९५६ मध्ये कर्करोग झाल्याचे कळले. तरी त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. उलट पोलिओच्या विषाणूचे काम हाती घेतले. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्या वारल्या. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन उघडले. तेथे लोकांना पाहण्यासाठी तंबाखूच्या त्या विषाणूची, त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली, माणसाएवढी प्रतिकृती ठेवली होती.