मधुबालेचे हृदय

मधुबालेच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी लिहिणार आहे तिच्या हृदयातल्या छिद्राविषयी. मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण दाबाचे गणित थोडेफार कळते, आणि हे दुखणे दाबाचेच आहे.

१४ फेब्रुवारी १९३३ रोजी दिल्लीत जन्मलेली मुमताज गरिबीमुळे कुटुंबासह मुंबईला आली. ‘बसंत’ (१९४२) मध्ये ती बालकलाकार म्हणून दिसली आणि ‘महल’ (१९४९) ने घराघरांत पोचली. १९५४ मध्ये मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली आणि तिचा आजार लोकांना कळला.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र होते. डावीकडे दाब जास्त, उजवीकडे कमी. त्यामुळे शुद्ध रक्ताचा काही भाग परत फुप्फुसांकडे जातो. मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले, की तो दाब सोसून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होतात. आपला गळका ब्रेक पाइप कधीही बदलता येतो. इथे वेळ टळली, की छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते.

त्याच १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी एका बाळाचे असे छिद्र प्रथमच शिवले. त्यासाठी बाळाचे रक्ताभिसरण वडिलांच्या रक्ताभिसरणाला जोडले होते. बाळ पुढे न्यूमोनियाने दगावले, पण वाट सापडली. मधुबाला तेव्हा एकवीस वर्षांची होती.

ती काम करतच राहिली. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) साठी तिने अंगावर जड साखळदंड वागवले. त्याच वर्षी किशोरकुमारशी लग्न झाले. लंडनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि दोन वर्षांची मुदत सांगितली. ती नऊ वर्षे जगली, त्यातली बरीचशी अंथरुणावर. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत तिने डोळे मिटले. वय अवघे छत्तीस.

आज अशी छिद्रे टू-डी इकोत दिसतात. लहान छिद्रे बरेचदा आपोआप बुजतात, मोठी तान्हेपणीच शिवता येतात. बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार छातीत कफ होत असेल, तर ‘बाळ नाजूक आहे’ म्हणून स्वस्थ बसू नका. बसवनगुडीहून जयदेव हृदयरुग्णालय दूर नाही. व्हाइटफील्डला सत्यसाई रुग्णालय आहे. मधुबालेला जी वेळ मिळाली नाही, ती आपल्या मुलांना मिळू शकते.

विघ्नहर्ता सर्व बालगोपाळांना सुदृढ ठेवो. गणपती बाप्पा मोरया!