दिवा हाती येण्याआधी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं आणि मधल्या खोलीत त्यांची कॉट टाकली. सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून चार पावलं चालायचं, बाकी दिवसभर पडून राहायचं. समोर भिंत, वर पंखा. दुसरं काही नाही.

एके दिवशी दुपारी भांडी आवरून मी जरा पाठ टेकावी म्हणून आत आले. तर त्या म्हणाल्या, फार कंटाळा आलाय गं. आणि मी फाडकन बोलून गेले की, आयतं हातात मिळतंय तरी कंटाळा? मला तर कंटाळा यायलाही वेळ नाही! त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

खरं सांगू का मैत्रिणींनो, कंटाळा मलाही आला होता. तोच चहा, त्याच पोळ्या, तीच औषधांची वेळ, तेच डबे. पण आपल्याकडे बाईने कंटाळा आला म्हणायची सोय आहे का? लगेच कोणीतरी म्हणणार, काम नाही वाटतं हिला. म्हणून मी माझा गिळला आणि त्यांचा त्यांना गिळायला लावला. दिवसभर ते बोलणं मला खात राहिलं.

त्याच आठवड्यात टाके दाखवायला दवाखान्यात गेलो होतो. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं चित्र होतं. हातात दिवा घेतलेली बाई, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेत तिच्यावर धडा होता. सेवेची मूर्ती वगैरे लिहून आपण मार्क मिळवले. नंबर यायला वेळ होता, म्हणून चित्राकडे बघत बसले आणि मनात आलं, हिला कधी कंटाळा आला नसेल का? संध्याकाळी वाचनालयातून तिचं चरित्र आणलं. वाचत गेले आणि थक्कच झाले. दिवा हातात यायच्या आधीची तिची चांगली सोळा-सतरा वर्षं नुसत्या कंटाळ्याशी झगडण्यात गेली होती!

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. आई-वडील इंग्रज, लग्नानंतर युरोपच्या लांबच्या प्रवासाला निघालेले. थोरली नेपल्सला झाली, तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. धाकटीला फ्लॉरेन्स. घरात पैशाला तोटा नव्हता. उन्हाळ्यात डर्बीशरमधलं ली हर्स्ट, एरवी हॅम्पशरमधलं एम्बली पार्क, अशी दोन मोठाली घरं. हाताखाली नोकरचाकर. वडील हौशी. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला त्यातही गणिताची भारी गोडी.

एवढं शिकवलं खरं, पण पुढे काय? पुढे काही नाही. चांगलं स्थळ बघून लग्न, बस्स. तोवर दिवाणखान्यात बसायचं. सकाळी न्याहारी, मग पत्रं लिहायची, भरतकाम करायचं. पाहुणे आले की गोड बोलायचं. दुपारी घोडागाडीतून फेरफटका. रात्रीचं जेवण तासन् तास चालायचं. वडील वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मुलींनी ते मुकाट्यानं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.

सोळा वर्षांची असताना, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, तिला वाटलं की देवानं आपल्याला सेवेसाठी हाक मारली आहे. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे काही कळेना. वर्षं जात राहिली. चारचौघांत बसल्या बसल्या तिचं मन भलतीकडेच जायचं. ती दिवास्वप्नं बघायची, त्यात आपण मोठमोठी कामं करतोय असं दिसायचं. मग भानावर आली की स्वतःचाच राग यायचा. आपल्याला हे व्यसनच लागलंय असं तिला वाटे. आपल्या खाजगी टिपणांत तिनं स्वतःला किती दोष दिलाय! सगळं सुख असताना मी अशी का, हा प्रश्न तिलाही पडत होता. आपल्याला पडतो तसाच.

१८४५ मध्ये तिनं धीर करून घरात सांगितलं की, जवळच्या सॅलिसबरीच्या हॉस्पिटलात काही महिने राहून मला शुश्रूषेचं काम शिकायचंय. घरात आकांत झाला. त्या काळी हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायका म्हणजे दारू पिणाऱ्या, हलक्या, अशीच समजूत. मोठ्या घरच्या मुलीनं तिथं जायचं म्हणजे आई-वडिलांच्या तोंडाला काळंच. तो बेत तिथंच बारगळला.

एखादी रडून गप्प बसली असती. फ्लॉरेन्स रडलीही, पण गप्प बसली नाही. तिनं काय केलं, तर पहाटेचा वेळ धरला. घर झोपेत असताना ती उठायची आणि मेणबत्तीच्या उजेडात हॉस्पिटलांचे, सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची. कुठे किती खाटा, किती रोगी, किती दगावले, याची टिपणं काढायची, आकडे मांडायची. न्याहारीची वेळ झाली की वह्या बंद करून शहाण्या मुलीसारखी खाली जायची. एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं हे चाललं. मला चरित्रातलं हे पान सगळ्यात आवडलं. युद्ध, दिवा, कीर्ती हे सगळं पुढचं. आधी होता तो कोणालाही न दिसणारा पहाटेचा वेळ.

मध्यंतरी स्थळही आलं होतं. रिचर्ड मंकटन मिल्न्स नावाचा कवी मनाचा, पार्लमेंटात असलेला, सज्जन माणूस. काही वर्षं तिच्यासाठी थांबला होता. तिलाही तो आवडत होता. तरी १८४९ मध्ये तिनं नकार दिला. तिची भीती त्याच्याबद्दल नव्हतीच. आईच्या दिवाणखान्यातलं आयुष्य त्याच्या दिवाणखान्यात पुढे चालू राहील, ही भीती होती. आईला हे कसं पटावं? घरात पुन्हा अबोला, पुन्हा अश्रू. फ्लॉरेन्सची तब्येत ढासळली. मग स्नेही मंडळी तिला इजिप्त, ग्रीसच्या प्रवासाला घेऊन गेली. परतताना जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथली संस्था तिनं पाहिली. तिथं साध्या घरातल्या बायका आजाऱ्यांची सेवा शिकत होत्या. १८५१ मध्ये हट्टानं ती तिथं तीन महिने शिकायला राहिली. पहाटे पाचला उठणं, साधं जेवण, दिवसभर काम. श्रीमंताघरची ही मुलगी तिथून आईला कळवते की, आता मला जगणं आवडायला लागलंय!

त्याच सुमारास तिनं एक निबंध लिहिला. त्याचं नाव कॅसँड्रा. कॅसँड्रा ही ग्रीक पुराणातली राजकन्या, खरं ते आधी सांगणारी, पण जिचं कोणीच ऐकत नाही अशी. बाईच्या वेळेला घरात किंमत का नसते, असा त्या निबंधाचा सवाल आहे. पुरुष काम करत असला की त्याला कोणी हाक मारत नाही. बाई वाचत असली, लिहीत असली, तर ती मोकळीच आहे असं धरून कोणीही, कधीही तिला उठवतं. बाईला स्वतःचा म्हणावा असा अर्धा तास नसतो. आणि पोटाला अन्न मिळालं नाही तर सगळे धावतात, मन उपाशी राहिलं तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. १८६० मध्ये या लेखनाच्या मोजक्या प्रती खाजगीत छापल्या. सर्वांना वाचायला मिळाला तो १९२८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण तेवढ्यात आतून हाक आली होती, आणि दुसरी मुलाची, सॉक्स कुठंयत म्हणून!

अखेर १८५३ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, तिला लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या एका संस्थेचं काम मिळालं. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड लावून दिले. पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. अडतीस परिचारिकांना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली. तिथली घाण, तुंबलेली गटारं, गोळीपेक्षा रोगानं मरणारे सैनिक, हे आपण धड्यात वाचलंय. पण धड्यात न आलेली एक गोष्ट सांगते.

बरे होत आलेल्या सैनिकांना दिवसभर काहीच उद्योग नसायचा. मग पगार मिळाला की दारू. अधिकारी म्हणत, शिपाईगडी पिणारच, त्याला काय करणार. फ्लॉरेन्सला ते पटलं नाही. रिकामा दिवस माणसाचं काय करतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं त्यांच्यासाठी वाचनाच्या खोल्या उघडल्या. पुस्तकं, वर्तमानपत्रं, खेळ आणवले, घरी पत्र लिहायला कागद दिले. कॉफी पिण्याची जागा काढली. पगारातले पैसे घरी पाठवायचे असतील तर आठवड्यातून एकदा ती स्वतः ते गोळा करायची आणि पाठवायची व्यवस्था करायची. आणि गडी खरोखरच पैसे घरी पाठवू लागले. पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींच्या बराकींचा तिनं अभ्यास केला. इथं ती कधीच आली नाही, पण १८६३ च्या सरकारी अहवालासाठी इथल्या छावण्यांतून आलेले कागद तिनं बारकाईनं वाचले होते. तिथंही तिचं म्हणणं तेच. दिवसभर खाटेवर लोळणाऱ्या माणसाला काम द्या, बागा द्या, वाचायला द्या.

१८५६ मध्ये ती परतली ती आजारपण घेऊनच. पुढची कित्येक वर्षं तिनं बहुतेक काम आपल्या खोलीतून, अंथरुणातून केलं. तिथूनच १८५९ मध्ये तिचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक लिहून झालं. ते नर्सबाईंसाठी नाही बरं का, तुमच्या-माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बायकांसाठी. हवा, उजेड, स्वच्छता यांच्या जोडीला त्यात एक सबंध प्रकरण आहे, आजाऱ्याच्या आयुष्यातल्या बदलाचं. तेच छत, त्याच भिंती बघून आजारी माणूस किती सोसतो, हे धडधाकट माणसाला कळत नाही, असं तिचं म्हणणं. आपण या खोलीतून त्या खोलीत जातो, चार माणसं भेटतात, मनातले विचार आपोआप पालटतात. त्याला ते जमत नाही. त्याचं मन त्याच त्या दुखऱ्या विचाराभोवती फिरत राहतं. म्हणून त्याला खिडकीतून बाहेरचं दिसेल असं निजवा, रंगीत फुलं ठेवा, हाताला झेपेल असं काम द्या. क्रिमियात तापानं पडली असताना लाकडी झोपडीत भिंतीच्या फळ्यांवरच्या गाठींशिवाय काही दिसत नसे, त्याचा किती त्रास झाला ते तिनं लिहिलंय. रानफुलांचा गुच्छ कोणी पाठवला आणि तेव्हापासून आपण भराभर बरे होऊ लागलो, हेही.

मी ते प्रकरण वाचलं आणि माझं ते दुपारचं बोलणं पुन्हा कानात वाजलं. आईंना आयतं मिळत होतं, ते खरं. फ्लॉरेन्सलाही सगळं आयतंच मिळत होतं.

आता कोणी म्हणेल, तिचं काय, घरात पैसा, हाताखाली माणसं. तिचा कंटाळा बसून राहण्याचा, आपला राबण्याचा. खरंय. आपल्याला सगळं सोडून स्कुटारीला जाता येत नाही. पण मला वाटतं, दोन्ही कंटाळ्यांच्या मुळाशी एकच दुखणं आहे. वेळ आपला नसतो. म्हणून कंटाळा आला म्हणजे आपण आळशी किंवा कृतघ्न आहोत, असं समजू नये. भूक लागली तर आपण तिला नावं ठेवत नाही, काहीतरी खातो. तसंच हे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. जगाला तिचा दिवा आठवतो. मला मात्र ती पहाटेची मेणबत्ती जास्त जवळची वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलाला हाताशी धरून मी आईंची कॉट पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी आणली. मांडीवर ताट देऊन मटार सोलायला दिले. आधी कुरकुरल्या. मग सोलता सोलता कोणाकडे पाहुणे आले, भाजीवाली आज उशिरा का आली, हे मलाच सांगू लागल्या. माझ्या त्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाल्या, जाऊ दे गं, तूही दमतेस. मीही नळाला पाणी येण्याआधीचा अर्धा तास आता माझा म्हणून ठेवलाय. कधी वाचते, कधी लिहिते, कधी नुसती बसते. कॉलेजात अर्धवट सोडलेलं इंग्रजी पुन्हा काढलंय. तेवढ्यानं पोळ्या करायचा कंटाळा गेला का? नाही गेला. पण दिवसात एक जागा अशी आहे, जिथं मी कोणाची कोणी नसते.

आणि आईंचं म्हणाल तर परवा त्यांनी मला पुन्हा हाक मारली. म्हटलं, आता काय? तर म्हणाल्या, कॉट जरा डावीकडे सरकव. समोरच्यांचं अंगण अर्धंच दिसतंय.