त्रिंदादांची लेक

चित्रकार स्त्रीची जडणघडण शोधू गेल्यास आधी तिच्या घराचा उंबरा ओलांडावा लागतो. १९०९ साली जन्मलेल्या अँजेला त्रिंदाद यांचे वडील आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. १९२० साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. पत्नी फ्लोरेंतिना यांना समोर बसवूनही त्यांनी चित्रे रंगविली. चित्रकला ही त्या घरातील रोजची बाब होती. आम्ही अर्थशास्त्राचे लोक वारसा जमीनजुमल्यात मोजतो. या कन्येला लाभला तो कुंचल्याचा.

तो तिने जसाच्या तसा गिरविला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. वडिलांची शैली युरोपीय वास्तवदर्शी. लेकीने मात्र मेरीमातेला साडी नेसविली आणि बायबलातील प्रसंग भारतीय वळणाने चितारले. उत्तरायुष्यात तर तिने त्रिकोणांतून अमूर्त चित्रे रचली व त्या शैलीस ‘त्रिंदादिझम’ हे नाव दिले. पोर्तुगीज भाषेत त्रिंदाद म्हणजे त्रैक्य. तेव्हा घराण्याचे नाव येथेही सुटले नाहीच! १९८० साली तिचे निधन झाले. बापलेकीची चित्रे आज पणजीत एकाच संग्रहात आहेत.