रन्वारची बोटे

फ्रान्समधील लिमोझ या गावी २५ फेब्रुवारी १८४१ रोजी एका शिंप्याच्या घरी मुलगा जन्मला. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी, घरात चित्रकलेचा वारा नाही. मूल तीन-चार वर्षांचे असतानाच हे कुटुंब पोटासाठी पॅरिसला आले. पुढे तेराव्या वर्षी पोराला चिनी मातीची भांडी रंगविण्याच्या कारखान्यात उमेदवारीला घातले. ताटल्यांवर फुले काढायची आणि चार पैसे घरी आणायचे. हाच मुलगा पुढे प्येअर ओग्यूस्त रन्वार म्हणून जगाला माहीत झाला. कारखान्यातले काम यंत्राने होऊ लागल्यावर त्याने पंखे रंगविले, पडदे रंगविले, पैसे साठविले आणि ग्लेअर नावाच्या चित्रकाराच्या चित्रशाळेत नाव घातले. मोने, सिस्ली, बाझील हे सोबती त्याला तिथेच भेटले. १८७४ साली या मंडळींनी स्वतःचे प्रदर्शन भरविले तेव्हा पॅरिसने त्यांची यथेच्छ टिंगल केली. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नावही थट्टेतूनच चिकटलेले! नाचणाऱ्या माणसांच्या अंगावर झाडांतून पडलेले उन्हाचे कवडसे त्याने १८७६ साली रंगविले. ते चित्र आता सर्व जगाच्या पुस्तकांत छापलेले असते.

हे सारे कोणत्याही कलेच्या इतिहासात मिळेल. पण मी कलेची अभ्यासक नाही. माझा विषय इतिहास, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रन्वार माझ्याकडे चित्रांच्या वाटेने आला नाही. ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात त्याचे म्हातारपणीचे छायाचित्र होते. खुर्चीत बसलेला कृश म्हातारा, डोक्यावर टोपी, पांढरी दाढी, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. बोटे तळव्याकडे वळलेली, मनगटे सुजलेली. मी ते पान किती वेळ पाहत होते कोण जाणे! कारण ते हात माझ्या ओळखीचे होते. माझ्या आईचे हात तसेच आहेत.

आई आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी बोटांच्या पेरांपासून सुरुवात झाली. सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत तिची मूठ मिटत नाही. भाकरी थापणे सुटले, मग खुरपे सुटले. तेलाचे मालीश झाले, वाळूचा शेक झाला, आणि दोन वर्षांनी तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव सांगितले. आमच्याकडे याला आमवात म्हणतात. तो आला तेवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. गेल्या माघात ताईला पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, पसंती झाली, आणि निघता निघता त्यांतल्या एका बाईंची नजर आईच्या हातांवर गेली. आठ दिवसांनी निरोप आला, की वात रक्तातून उतरतो म्हणतात, तेव्हा राहू द्या. त्या दिवसापासून पाहुणे आले की आई हात पदराखाली घेते. त्यातच एका नातेवाइकाने मोबाईलवर वाचून सांगितले की हा रोग साठ टक्के आनुवंशिक आहे! ताईने त्या रात्री जेवण केले नाही.

म्हणून मला रन्वारचे दुखणे नीट जाणून घ्यावेसे वाटले. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२ च्या आसपास, ते सुरू झाले. १८९७ साली बायकोच्या गावी, एसोय येथे, तो सायकलवरून पडला आणि उजवा हात मोडला. त्यानंतर दुखणे वाढले. कोणालाही वाटेल की रोग त्या पडण्यातून आला. आमच्याकडेही आईने ज्या वर्षी विहिरीच्या पायरीवरून पाय घसरून आपटून घेतले, त्याच वर्षाला सगळे दोष देतात. पण रन्वारची सांधेदुखी सायकलच्या आधीचीच आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन तो आंघोळी करून आला. गुण आला नाही. उबेसाठी तो दक्षिणेकडे समुद्रकाठच्या कान्य या गावी राहू लागला आणि १९०७ मध्ये तिथे जुन्या ऑलिव्ह वृक्षांची एक वाडीच विकत घेतली. पुढे काठी आली, मग कुबड्या, आणि १९१२ च्या सुमारास चाकांची खुर्ची.

रन्वारच्या हाताला कुंचला बांधून ठेवीत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही. बोटे इतकी आत वळली होती की नखांनी तळव्याची कातडी सोलली जाई, म्हणून हातात कापडाची पट्टी गुंडाळीत. कुंचला कोणीतरी त्याच्या बोटांत ठेवायचे आणि तो धरायचा तो स्वतःच. १९१५ साली साशा गित्री याने त्याचे चलच्चित्र घेतले. त्यात म्हातारा तोंडात सिगारेट धरून चित्र रंगवितो आहे आणि धाकटा मुलगा बाजूला उभा राहून हाताशी लागेल ते देतो आहे. मोठे चित्र करायचे तर खुर्चीतून हात पोहोचत नसे, म्हणून कॅनव्हास रुळांवर गुंडाळून पुढेमागे सरकविण्याची सोय केली होती. हात चालते राहावेत म्हणून तो पूर्वी चेंडू झेलण्याचा खेळ करी. एकदा एका डॉक्टरने त्याला चालविण्याचा चंग बांधला. रन्वार महत्प्रयासाने उठला, चार पावले चालला, आणि परत खुर्चीत बसून म्हणाला की चालण्यात सारी शक्ती गेली तर चित्राला काय उरणार. पुन्हा तो चालला नाही. १९१३ पासून त्याने रिशार गिनो या तरुण शिल्पकाराला हाताशी घेऊन मूर्तीसुद्धा घडविल्या. माती गिनोच्या हातात, सूचना रन्वारच्या! मला ही सगळी हकीकत वाचताना त्याची जिद्द तर दिसलीच, पण जिद्दीपेक्षा जास्त दिसली ती घरातल्या माणसांची सोबत. पट्टी कोणी बांधली, कुंचला कोणी दिला, हे पुस्तकांत एका ओळीत येते. आमच्या घरी वेणी घालण्यापासून बांगडी चढविण्यापर्यंत काय काय करावे लागते, ते आम्हां दोघी बहिणींना ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्न. रन्वारला तीन मुलगे होते. बापाचा रोग मुलांत उतरतो का?

या रोगाचे हे नाव रूढ केले इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी, १८५९ साली. गंमत अशी की त्यांचेच चिरंजीव आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये एका वेगळ्या, दुर्मीळ विकाराबाबत दाखवून दिले की काही रोग आईबापांकडून ठराविक नियमाने मुलांत येतात. बापाने रोगाला नाव दिले, मुलाने वारशाची वाट दाखविली! पण आमवात त्या सरळ वाटेने जात नाही. येतो तो रोग नव्हे, रोगाकडचा कल. १९७८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील एका ओळखखुणेशी या रोगाचे नाते सापडले आणि त्यानंतर शंभरावर जनुकांची ठिकाणे त्यात धरली गेली. परंतु ती खूण अंगात असूनही जन्मभर निरोगी राहणारी माणसेच पुष्कळ आहेत.

जुळ्यांचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत जनुके सारखीच असतात. रोग निव्वळ रक्ताचा असता तर एकाला झाल्यावर दुसऱ्याला चुकलाच नसता. पण ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा शंभर जोड्यांपैकी सुमारे पंधरांतच दोघांना रोग आढळला. वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांत हे प्रमाण शंभरात चारही नव्हते. साधारण लोकांत शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना हा रोग होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. तिप्पट म्हटले की छातीत धस्स होते, पण एकाचे तिप्पट तीन! शंभरातली सत्त्याण्णव मुले सुटतातच. आणि ते साठ टक्के? तो आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. समाजात कोणाला हा रोग होतो, कोणाला होत नाही, या फरकाचा किती भाग जनुकांकडे जातो, हे तो सांगतो. एका आईच्या एका मुलीला रोग होण्याची शक्यता तो सांगत नाही. स्त्रियांना हा रोग पुरुषांच्या दोन-तीन पट अधिक होतो, ही गोष्ट मात्र मी ताईपासून लपविली नाही. दुसरे म्हणजे धूम्रपान. रक्तात ती खूण असून माणूस सिगारेट-बिडी ओढणारा असेल, तर धोका अनेक पटींनी चढतो. वडील हल्ली बिडी ओढायला गोठ्यात जातात. लेख छापून येण्याआधीच त्याचा एवढा उपयोग झाला.

रन्वारच्या काळी यांतले काहीच माहीत नव्हते, औषधही नव्हते. कॉर्टिसोन वापरून पाहिले गेले ते १९४८ साली. आई दर सोमवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेते. त्या या रोगासाठी सर्वत्र रूढ झाल्या त्या १९८० नंतर. लवकर सुरू झाल्या तर बोटे वाकण्याआधीच रोग आवरता येतो. म्हणजे ताईला उद्या सकाळी बोटे आखडलेली वाटली, तर वाळूचा शेक देत बसायचे नाही, हे आम्हांला आता कळते.

रन्वारचा थोरला मुलगा प्येअर नट झाला. मधला झाँ आणि धाकटा क्लोद यांनी आधी चिनी मातीचे काम केले, म्हणजे बापाने तेराव्या वर्षी धरलेलाच धंदा. झाँ पुढे थोर चित्रपट-दिग्दर्शक झाला. १९४९-५० साली तो कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी येऊन राहिला होता. कॅमेऱ्यावर त्याचा पुतण्या, म्हणजे रन्वारचा नातू. आणि जागा शोधताना सोबत हिंडणारा एक तरुण, सत्यजित राय. झाँ लंगडत चालत असे. ज्याला बापाचे दुखणे ठाऊक असेल, तो पाहताच म्हणाला असता, उतरला बघा वात! पण ती खोड १९१५ साली पायात घुसलेल्या जर्मन गोळीची होती. त्याच वर्षी जखमी मुलाला भेटून परतलेली त्याची आई आलीन वारली.

बायको गेली, दोन मुलगे युद्धात जायबंदी झाले, तरी रन्वारचा कुंचला थांबला नाही. शेवटच्या दोन वर्षांत त्याने नदीकाठी पहुडलेल्या स्त्रियांचे एक भलेमोठे चित्र पुरे केले. १९१९ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचे एक चित्र लागले, तेव्हा त्याला खुर्चीत बसवून दालनांतून फिरविले. जुन्या थोर चित्रकारांच्या शेजारी शिंप्याच्या पोराचे चित्र! ते पाहून तो कान्यला परतला आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला वारला.